टोमॅटो पानं मोजतो

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी व्हिडिओ पाठवला. बादलीच्या बुडाला भोक, त्यातून टोमॅटोचं रोप डोकं खाली करून बाहेर काढलेलं, आणि निवेदक छातीठोकपणे सांगतोय की असं उलटं झाड लावलं की गुरुत्वाकर्षणामुळे खत-पाणी आपोआप शेंड्यापर्यंत उतरतं, म्हणून फळं दुप्पट! खाली त्यांचा प्रश्न: "करून बघू का?"

करून बघायला हरकत काहीच नाही, पण गुरुत्वाकर्षण कुणाच्या बाजूचं आहे ते आधी पाहू. झाडात पाणी वर चढतं ते पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाच्या ओढीनं. वीतभर खोड उलटं केल्यानं त्या ओढीत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो शेंड्याला. खोडाच्या काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. ते जिकडे बसतात ती खालची बाजू, हे झाडाला कळतं. मग त्या बाजूला ऑक्सिन हे संप्रेरक जास्त साठतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा वर वळतो. उलटं टांगलेलं रोप काही दिवसांतच छत्रीच्या मुठीसारखं वाकतं आणि सरळ वर निघतं. वाढीचा जोर असा कसरतीत जातो. दुप्पट फळं राहिली व्हिडिओत.

टांगती टोपली ही कल्पना मात्र उत्तम आहे. रोप सरळ लावायचं आणि वाण नीट निवडायचा. बियांच्या पाकिटावरचं चकचकीत फळ सगळे बघतात, पण महत्त्वाचे शब्द मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात: ‘मर्यादित वाढ’ किंवा ‘अमर्यादित वाढ’. मी स्वतः हे न वाचता एकदा टोपलीत ‘सनगोल्ड’ लावला होता. चवीला अप्रतिम, पण अमर्यादित वाढीचा. दोन महिन्यांत तो टोपलीची साखळी धरून वर गेला, हुकाला वेढे घालून परत खाली आला आणि एका वाऱ्यात मधोमध मोडला.

हा फरक येतो कुठून? माझ्या मते टोमॅटोतली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एखादं लांब वाढलेलं टोमॅटोचं झाड जवळून बघा. फुलांचा घोस पानाच्या बेचक्यातून निघत नाही. दोन पानांच्या मधल्या उघड्या खोडातून, बाजूला चिकटवल्यासारखा तो निघालेला दिसतो. असं का? तर रोपाचा मूळ शेंडा आठ-दहा पानं काढतो आणि स्वतःच फुलोरा होऊन संपतो. त्या खोडाची वाढ तिथेच थांबते. पण लगेच सर्वांत वरच्या पानाच्या बेचक्यातला डोळा जोमानं फुटतो, फुलोऱ्याला बाजूला ढकलतो आणि सरळ वर जातो, जणू मूळ खोड तोच. तो तीन पानं काढतो आणि त्याचाही शेंडा फुलोरा होतो. मग पुढचा डोळा, पुन्हा तीन पानं, पुन्हा फुलोरा. आपल्याला जे एक सलग खोड वाटतं ती खरं तर एकावर एक बसलेल्या तुकड्यांची साखळी असते.

अमर्यादित वाणात ही ‘तीन पानं, एक घोस’ अशी मोजणी झाड जगेल तोवर चालते. मर्यादित वाणात मोजणी घसरते. तीनाची दोन पानं होतात, दोनाचं एक, आणि शेवटी मध्ये पान न येता घोसावर घोस येऊन ती फांदी कायमची थांबते. 1914 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात असं आपसूक थांबणारं एक झाड सापडलं. ‘स्वतःची छाटणी स्वतः करणारं’ या अर्थानं त्या गुणाला ‘सेल्फ प्रूनिंग’, थोडक्यात एसपी, हे नाव मिळालं. कॅलिफोर्नियात 1960च्या दशकात यंत्रानं टोमॅटोची काढणी सुरू झाली त्यामागेही हाच गुण होता, कारण झाड आटोपशीर आणि फळं जवळपास एकदम पिकणारी.

एसपी जनुकाची ओळख 1998 मध्ये पटली. त्याचं प्रथिन ‘अजून फुलू नको’ असं शेंड्याला सांगतं. समोर उभा आहे एसएफटी (‘सिंगल फ्लॉवर ट्रस’), त्याच प्रथिनकुळातला चुलतभाऊ. तो पानांत तयार होतो, रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जातो आणि ‘फूल’ असा हुकूम देतो. सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी 1937 मध्ये झाडाला फुलवणाऱ्या ज्या अदृश्य पदार्थाला ‘फ्लोरिजेन’ म्हटलं होतं, तो टोमॅटोत हा निघाला. दोघंही शेंड्यातल्या त्याच मदतनीस प्रथिनांना धरायला धावतात, म्हणून कोण आहे यापेक्षा कोण किती आहे यावर निकाल लागतो. एसपी निकामी झालं की पारडं दर तुकड्याला फुलांकडे अधिक झुकतं. गंमत पुढेच आहे: अशा मर्यादित झाडात एसएफटीच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल तर घाई थोडी मंदावते, झाड जास्त घोस काढतं आणि उत्पन्न वाढतं, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. दोन्ही प्रती बिघडल्या तर मात्र नुसता पाला.

बुटकेपणा हा वेगळा मुद्दा. त्यात घोस तेवढेच असू शकतात, पण पेरांची लांबी आखडते, बहुधा ब्रासिनोस्टेरॉइड या संप्रेरकाच्या कमतरतेनं. ‘मायक्रो-टॉम’ या वाणात मर्यादित वाढ आणि बुटकेपणा हे दोन्ही गुण एकत्र आहेत, म्हणून तो वीतभरच राहतो. टोपलीत तो गोंडस दिसतो, पण लोंबत नाही. लोंबणारे हवे असतील तर ‘टंबलर’ किंवा ‘टंबलिंग टॉम’. तेही गुरुत्वाकर्षणाचे भक्त नाहीत बरं का. बारीक फांद्या फळांच्या वजनानं खाली येतात, आणि प्रत्येक फांदीचं टोक बघा, वरच वळलेलं असतं. यांची बगलफूट, म्हणजे पानांच्या बेचक्यातून येणारी फूट, काढू नका. मोजक्याच तुकड्यांवर सगळी फळं यायची असतात, फूट खुडली की पीकच खुडलं.

बाकी व्यवस्था थोडक्यात. फूटभर व्यासाच्या टोपलीत एकच रोप, दिवसाला निदान सहा तास ऊन. परागण वाराच करतो, कारण परागकोशांची नळी हलली की पराग आपोआप खाली झडतो.

खरी अडचण पाण्याची. टोपलीला चहूबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे कडक उन्हात दोनदाही पाणी लागतं. टोपलीतलं मातीचं मिश्रण पूर्ण सुकलं की आकसून कडेपासून सुटतं आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली गळतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी भरपूर झालं. अशा वेळी टोपली उतरवून अर्धा तास टबात ठेवावी. पाण्याच्या पाळ्या चुकल्या की फळाचं बूड काळं पडतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच जातं आणि तो प्रवाह आधी पानं ओढतात, मग टोकाकडच्या फळपेशी उपाशी राहतात. त्यावर अंड्याची टरफलं पुरणं हा लाडका उपाय, पण ती विरघळेपर्यंत हंगाम उलटतो. एप्सम सॉल्ट तर त्याहून वाईट, कारण त्यातलं मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमचीच जागा अडवतं.

पिकलेल्या फळाचं बी धरून ठेवावं का, असंही त्या गृहस्थांनी विचारलं होतं. संकरित वाणाची पुढची पिढी चवीला, रंगाला, लोंबण्याला वेगवेगळी निघते. पण मर्यादित वाढीचा गुण अप्रभावी आहे. तो दिसतोय याचा अर्थ झाडात एसपीच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, आणि टोमॅटो बहुधा स्वतःच्याच परागानं फळतो. तेव्हा त्या बियांतून काहीही उगवो, साखळी धरून हुकापर्यंत जाणारं झाड सहसा निघणार नाही.