घाटावरची दाढदुखी

कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, पंचगंगेच्या घाटावर किंवा अंबाबाईच्या देवळाच्या आसपास उघड्यावर राहणाऱ्या माणसाचं खाणं पाहा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पाव नाहीतर प्रसाद, मधेमधे कुणी पाजलेला चहा. पोटाला आधार म्हणून ठीक. पण दातांच्या बाबतीत साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, याला जास्त महत्त्व असतं.

दातांवरच्या चिकट थरात राहणारे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. लाळ आम्ल निवळते, खनिजं परत बसवते. पण तिला त्यासाठी अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात पुढचा चहा आला की काम अर्धवट. त्यात पाणी कमी प्यायलं तर लाळही आटते. आणि शौचालय हाताशी नसताना, विशेषतः बाया, पाणी मुद्दाम कमीच पितात.

दाढ ठणकायला लागली की मिश्री किंवा चुन्यात मळलेली तंबाखू दाबून धरायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. घटकाभर बरं वाटतं. पण हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात, कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. दाढा पडल्या की भाकरी चावत नाही, म्हणून पुन्हा चहात बुडवलेलं बिस्किट! मधुमेह असेल तर हिरड्यांची सूज रक्तातली साखर चढवते आणि चढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते.

अशा लोकांना ब्रश वाटणं सोपं असतं, फोटोही चांगला येतो. तो ब्रश ठेवायचा कुठं? त्यापेक्षा फ्लोराइडची पेस्ट बोटानं लावून नुसती थुंकली तरी फायदा होतो. चूळ भरली नाही तर फ्लोराइड दातांवर जास्त वेळ टिकतं.

उपचाराचीही हीच अडचण. रूट कॅनॉलला बऱ्याचदा दोन-तीन खेपा लागतात, त्या उघड्यावर राहणाऱ्याला जमत नाहीत, म्हणून वाचण्यासारखी दाढही उपटली जाते. यावर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हा द्रव मला फार मोलाचा वाटतो. किडलेली जागा पुसून कोरडी करायची आणि वर थेंबभर लावायचा. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात टणक करतं. किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि कीड दाताच्या आतल्या गाभ्यापर्यंत, म्हणजे नसांपर्यंत, पोचली असेल तर उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तो अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतला.

मात्र जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज, ताप, तोंड उघडेना, थुंकीही गिळवेना अशी अवस्था दिसली, तर गोळी देऊन वाट बघू नये. दाढेचा संसर्ग गळ्यात उतरून श्वासनलिका दाबू शकतो. त्या माणसाला रिक्षात घालून थेट सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठायचं.