टाइल कटर: हाताचा घ्यायचा की करंटवाला?

हार्डवेअरच्या दुकानात ‘टाइल कटर द्या’ म्हटलं की दोनपैकी काहीही समोर येऊ शकतं. एक असतो लोखंडी बैठकीचा, वर दांड्या आणि त्यांवरून सरकणारी मूठ. दुसरा विजेवरचा, चार इंची ब्लेडचा, ज्याला मिस्त्री मार्बल कटर किंवा नुसतं ‘मशीन’ म्हणतात. पहिला टाइल मोडतो, दुसरा ती घासून झिजवतो. बाथरूमच्या टाइल बसवताना कोणता कुठे चालेल हे बरंचसं एवढ्यावरूनच ठरतं.

हाताच्या कटरच्या मुठीखाली टंगस्टन कार्बाइडचं लहानसं चाक असतं. ते ग्लेझवर, म्हणजे टाइलच्या वरच्या चकचकीत थरावर, सरळ ओरखडा काढतं. मग मुठीला जोडलेला पाय टेकवून दाबलं की त्या रेषेवर टाइल ‘टक’ करून दुभंगते. काच कापणाराही हेच करतो. ओरखडा एकदाच ओढायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या दाबाने. नीट उमटला नाही असं वाटून चाक पुन्हा फिरवलंत की दोन रेषा होतात, आणि टाइल कुठल्या रेषेवर मोडायचं ते स्वतः ठरवते. हे यंत्र १९५१ साली स्पेनमध्ये, बार्सिलोनाजवळच्या रुबी गावात बोआदा बंधूंनी बनवलं, तेही सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांसाठी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दिसतात तशाच त्या.

याची धूळ जवळजवळ नाही, आवाज नाही. सोसायटीने दुपारी मशीन बंद ठेवायला सांगितलं तरी काम चालू राहतं. डाडोची, म्हणजे भिंतीवरची, सिरॅमिक टाइल तर याच्यासाठीच केल्यासारखी असते. ती सच्छिद्र, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी, त्यामुळे सहज मोडते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी घेते. ती घट्ट असल्याने हलका कटर तिच्यापुढे हात टेकतो. दांड्या किंचित जरी वाकल्या तरी काप तिरका जातो, म्हणून व्हिट्रिफाइडसाठी जाड दांड्यांचा, जड बैठकीचाच घ्यावा. लांबीही बघा. ६०० मिलिमीटरच्या कटरवर दोन बाय दोन फुटी टाइल सरळ कापता येते, पण तिचा कर्ण साधारण ८५० मिलिमीटर भरतो, म्हणजे तिरक्या मांडणीला तो कटर पुरणार नाही. दोन बाय चारच्या टाइलचा उभा काप घ्यायचा तर १२०० चाच हवा.

तो अडतो कुठे? बोटाएवढी बारीक पट्टी काढताना ती हमखास मध्येच मोडते. अँटी-स्किड टाइलच्या खडबडीत पृष्ठभागावर चाक उड्या मारतं. उंबऱ्याचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा असा मोडून कापत नाहीत. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे काप टाइलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच जातो, मध्ये थांबत नाही. नहाणी ट्रॅपच्या (जिथून पाणी वाहून जातं त्या) जाळीचा चौकोन, नळाच्या बॉक्सभोवतीचा खाचा, बाहेर आलेल्या कोपऱ्यावर ४५ अंशांत जुळवलेल्या कडा, ही सगळी कामं मशीनचीच.

मार्बल कटरचं ब्लेड मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. त्याला दात नसतात, कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली असते. काप कसा येतो हे मशीनपेक्षा ब्लेडवर जास्त अवलंबून असतं, आणि नेमकी तिथेच लोक काटकसर करतात. कडेला खाचा असलेलं ब्लेड काँक्रीटला ठीक, ग्लेझवर मात्र ते टवके उडवतं. टाइलला अखंड कडेचं ब्लेड लावा. रेषेवर मास्किंग टेप चिकटवा, पहिला हात दोन-तीन मिलिमीटरच खोल फिरवा, दुसऱ्यांदा आरपार. आतला कोपरा कापताना तिथे आधी ड्रिलने लहान भोक पाडा, नाहीतर तडा कोपऱ्यातून पुढे पळतो. ब्लेड गोल असल्याने वरचा काप कोपऱ्याला पोहोचला तरी खाली थोडं उरतंच. ते टाइल उलटी करून काढावं किंवा पकडीने हळूहळू कुरतडावं. नळाच्या गोल भोकासाठी दोन्ही कटर विसरा, हिऱ्याचा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, आणा. मशीनने चारी बाजूंनी चिरा मारून पाडलेलं ‘गोल’ भोक पुढे फ्लँजखाली (नळाभोवतीच्या गोल चकतीखाली) लपतं खरं, पण त्या कोपऱ्यांतून टाइल तडकलेली दिसते ती वर्षभराने.

मशीनची धूळ साधी नाही. तिच्यात स्फटिकी सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो. पाणी सोडून कापलं तर धूळ बसते आणि ब्लेडही थंड राहतं, पण तेव्हा हातात वीज आणि पायाखाली ओल असते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटवरूनच मशीन चालवा, आणि कापायचं काम शक्यतो बाथरूममध्ये नको, बाल्कनीत करा.

माझं मत विचाराल तर एका बाथरूमचे बहुतेक काप सरळच असतात. ते हाताच्या कटरने घ्यावेत आणि उरलेल्या अवघड तुकड्यांपुरतं मशीन भाड्याने आणावं. सगळंच मशीनने कापणारा मिस्त्री आळशी असतो असं नाही. बऱ्याचदा त्याच्याकडे चांगला हाताचा कटर नसतो, एवढंच.

घरात चार इंची ग्राइंडर आहे म्हणून मार्बल कटरचं ब्लेड उचलून आणणार असाल तर मधलं भोक आधी मोजा. मार्बल कटरला २० मिलिमीटरचं लागतं, चार इंची ग्राइंडरला १६ चं. मोठं भोक रिंगशिवाय बसवलं की ब्लेड डुगडुगतं. आणि ग्राइंडरला सपाट पाया नसतो, त्यामुळे सरळ रेषा सर्वस्वी मनगटावर येते.