आधी सोय, मग सल्ला: बेळगाव सीमाभागातल्या आरोग्याची पार्श्वभूमी

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत शुगर आणि बीपीवाले पुष्कळ. डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हणून सांगितलेलं असतं आणि चालायला झाडांची सावली असलेली मोकळी जागा असते, म्हणून तो सल्ला पाळला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून याच आवारात देवीची लस तयार होत असे. वासराच्या पोटाची कातडी भादरून तिच्यावर ओरखडे काढायचे, त्यांत लस चोळायची आणि फोड आले की ते खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायचे. उष्म्यात ही लस लवकर निकामी होई, त्यामुळे बेळगावच्या थंड हवेला मोल होतं. भारतात देवीची साथ १९७५ मध्ये संपली, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातूनच गेल्याचं जाहीर केलं. डेपोचं काम सरलं, नाव राहिलं. साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर देवी टोचल्याची खूणही आहे.

त्या काळी कुणी पत्रक वाचून टोचून घेतलं नाही. टोचणारा दारात आला म्हणून टोचलं गेलं, आणि पोरं लपवणारी घरंही होतीच. सीमाभागाचा आरोग्य-इतिहास पाहिला तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं: नुसता सल्ला वाऱ्यावर गेला, सोय घेऊन आलेला टिकला.

प्लेगचं तसंच. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ रेल्वेच्या वाटेने दक्षिणेत उतरली. हाफकिन यांची लस १८९७ ची. पुढच्याच वर्षी शेजारच्या हुबळीत ती मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. पण गावोगाव लोकांनी खरा आधार घेतला तो जुन्याच उपायाचा. उंदीर मरून पडायला लागले की घराला कुलूप लावून रानात झोपड्या घालायच्या. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे माहीत नसतानाही हा उपाय बरोबर होता, कारण उंदीर आणि पिसवा मागे घरात राहत.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, म्हणून सगळे ते राजकारणासाठी आठवतात. मला त्यातली विहीर महत्त्वाची वाटते. हजारो माणसं येणार म्हटल्यावर गंगाधरराव देशपांडे आणि मंडळींनी आधी पाण्याची तजवीज केली, विहीर खणली. तिला पंपा सरोवर म्हणत. टिळकवाडीत ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. सफाईचं काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं. स्वच्छतेचं भाषण त्यानंतर.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर नारू, म्हणजे पायातून लांब कृमी बाहेर येण्याचा रोग. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांत तो होता. पायरीच्या विहिरीत माणूस पाय बुडवून घागर भरतो, पायातल्या फोडातून कृमीची पिल्लं पाण्यात जातात, पाण्यातले बारीक किडे ती गिळतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा कृमी तयार. बाहेर येणारा नारू काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळे. ‘दुहेरी कापडाने पाणी गाळा’ हा सल्ला सोपा होता. पण १९८० च्या दशकातल्या मोहिमेत पायऱ्या बुजवून, कठडे बांधून, हातपंप बसवून पाण्यात उतरायची गरजच काढली गेली, तेव्हा तो फळाला आला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, राजस्थानातला.

दुखणं मोठं असेल तर अथणी, चिक्कोडी, रायबागकडची माणसं मिरज गाठत. विल्यम वॉनलेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशनचं इस्पितळ उघडलं आणि आजूबाजूच्या संस्थानांतून नि जिल्ह्यांतून रीघ लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं. आजारी माणसाने मात्र ती रेघ कधी मानली नाही: निपाणीचा पेशंट कोल्हापूरला, चंदगडचा बेळगावला. १९६३ मध्ये केएलई या शिक्षणसंस्थेने बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज काढलं, तेव्हापासून उलटी रहदारी वाढली.

याच कॉलेजने जिल्ह्यातल्या खेड्यांत केलेलं एक काम जगभर गाजलं, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही याचं मला नवल वाटतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन इंजेक्शन थंड ठेवावं लागतं; खेड्यात वीज जाते, फ्रीज नसतो. म्हणून नर्सबाईंच्या हाती मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. १,६२० बाळंतिणींचा अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गोळी न मिळालेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्के. रक्त किती गेलं हे तोवर नजरेच्या अंदाजाने ठरे; इथे बाळंतिणीखाली मोजपट्टी असलेली प्लॅस्टिकची पिशवी अंथरली गेली. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आता जिथे सल्ला अडतो ती जागा: निपाणी. बिडीच्या तंबाखूची ही पेठ. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर धूळ जाते, घरी मिश्री लावायची सवय असते आणि पोटही याच पानावर. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी इथे पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला, गोळीबारात माणसं गेली. अशा गावात ‘तंबाखू सोडा’ म्हणणाऱ्या डॉक्टरने शेतात दुसरं काय पेरायचं हेही सांगायला हवं, आणि ते त्याच्या हातात नाही. त्यात सीमेची गंमत वेगळीच. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला, कर्नाटकाने मे २०१३ च्या अखेरीस. मधले दहा महिने कोल्हापुरात गुन्हा असलेली पुडी सीमेवरची कोगनोळी ओलांडली की उघड मिळे. अशाने पोराने कुणाचं ऐकावं?

आज आशाताई घरी येतात. तक्ता बहुधा कन्नडमध्ये छापलेला, सांगणं मराठीत, आणि त्यात कुणाला अडचण वाटत नाही. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली. कर्नाटकाची स्वतःची आरोग्य योजना आहेच. त्यामुळे ‘ऑपरेशन करून घ्या’ असं डॉक्टर म्हणाले की घरात पहिली चौकशी होते ती कुठल्या इस्पितळात कुठलं कार्ड चालतं याची.