‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलाच्या मेंदूत काय घडते?

नाशिक रोड स्थानकावर एकट्या सापडलेल्या किंवा द्राक्षहंगामात सुरगाणा-पेठेकडून दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर आलेल्या कुटुंबांतून दुरावलेल्या मुलांची विचारपूस करताना, ‘मूल सहकार्य करत नाही, उत्तरे बदलते’ असा शेरा सामाजिक तपासणी अहवालात सहज लिहिला जाऊ शकतो. तो लिहिण्यापूर्वी विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्याला मेंदूतील एक साखळी ठाऊक असलीच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

धोका जाणवला की मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमस या भागातून सीआरएच हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक सोडते. ते रक्तावाटे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचले की तेथून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक बाहेर पडते. एरवी हे कॉर्टिसॉलच मेंदूत परतून, टाकी भरल्यावर पाणी तोडणाऱ्या बॉलकॉकप्रमाणे, आपली निर्मिती थांबवते. या नियंत्रणात हिप्पोकॅम्पस या मेंदूतील भागाचा मोठा वाटा असतो. मेंदूसंशोधक ब्रूस मॅक्‌इवेन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताणाचे संप्रेरक धरून ठेवणारे ग्राही असल्याचे दाखवले. आठवणी घडवणारा भागही हाच असल्याने कॉर्टिसॉल चढलेले असताना साठवलेली आठवण वर काढणे कठीण जाते. खुर्चीचे रेक्झिन नखाने उकरणारे, दार वाजले की दचकणारे मूल आधी एका गावाचे आणि मग दुसऱ्याच गावाचे नाव सांगते, तेव्हा ते खोटेच बोलते आहे असे मानता येत नाही.

अशा मुलाला ‘बाहेरची बाधा’ आहे म्हणून भगताकडे नेणे जितके घातक, तितकेच ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे दावे निराधार आहेत. ‘याचा मेंदूच बिघडला’ हा शिक्काही तितकाच अशास्त्रीय आहे, कारण दीर्घ ताणामुळे उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या आखडलेल्या शाखा ताण थांबल्यावर पुन्हा वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे.

ताणाचा प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी कॉर्टिसॉल सर्वांत चढलेले असते आणि ते उतरायला तासाहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणजे पोलिसांच्या गाडीतून उतरवलेल्या मुलाची अर्ध्या तासात घेतलेली माहिती नेमकी अवघड वेळी घेतलेली असते. तेव्हा आधी जेवण, झोप आणि ओळखीचा एखादा चेहरा द्यावा. गाव, नातलग आणि घटनाक्रम दुसऱ्या दिवशी, त्याच कार्यकर्त्याने विचारावा.