ट्रेव्हर लॉरेन्सच्या पहिल्या वर्षाने नेमकं काय सांगितलं?

15 जानेवारी 2023, संक्रांतीची सकाळ. घरात भाजलेल्या तिळाचा वास सुटला होता आणि मी पावणेसातपासून मोबाइलला चिकटून बसले होते. अमेरिकेत अजून शनिवारची रात्र होती. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा बाद फेरीचा सामना सुरू होता, जॅक्सनव्हिल जॅग्वार्स विरुद्ध लॉस एंजेलिस चार्जर्स. जॅग्वार्सचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स 23 वर्षांचा होता आणि त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच बाद फेरीचा सामना होता.

पूर्वार्धात त्याने चार वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला. त्यातले तीन चेंडू असान्टे सॅम्युअल ज्युनियर या एकाच बचावपटूने टिपले. धावफलक 27-0 झाला. ‘संपलं’ म्हणून मी उठले, पुन्हा येऊन बसले, आणि त्याच मुलाने पुढे चार टचडाउन पास दिले, म्हणजे गोलरेषेपलीकडे झेलले जाऊन गुण मिळवून देणारे पास. शेवटी शेवटी गोलरेषेपासून एका यार्डावरून दोन गुण घ्यायचा निर्णय झाला. साडेसहा फूट उंचीच्या लॉरेन्सने माणसांच्या ढिगावरून दोन्ही हात लांबवून चेंडू रेषेपलीकडे नेला. घड्याळ शून्यावर येताना 36 यार्डांवरची किक आत गेली आणि जॅग्वार्स 31-30 जिंकले.

पूर्वार्ध पाहून टीव्ही बंद करणाऱ्याच्या मते हा मुलगा निकामी. फक्त उत्तरार्ध पाहणाऱ्याच्या मते तो शतकातला एक. दोघांनीही जे पाहिलं ते खरंच होतं. तरुण क्वार्टरबॅकचं मूल्यमापन अवघड का असतं, ते मला त्या सकाळी नीट कळलं. तेव्हापासून मी हा प्रश्न मोजमापाचा प्रश्न म्हणून पाहते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो पळणाऱ्या सहकाऱ्याला द्यायचा की पुढे धावणाऱ्या रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्या सहकाऱ्याकडे, फेकायचा, हे त्याने ठरवायचं. फेकलेला चेंडू विरोधकाने झेलला तर इंटरसेप्शन, आणि फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला आडवं केलं तर सॅक.

लॉरेन्सबद्दलच्या अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. क्लेमसन विद्यापीठात पहिल्याच वर्षी त्याने अलाबामाला 44-16 ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. 2021च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजमधले खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर त्याचीच निवड होणार यावर कुणाचं दुमत नव्हतं. आणि मग व्यावसायिक लीगमधलं, म्हणजे एनएफएलमधलं, पहिलं वर्ष आलं: 17 सामने, 3 विजय, 12 टचडाउन पास, 17 इंटरसेप्शन. दुसऱ्या वर्षी 25 टचडाउन, फक्त 8 इंटरसेप्शन, आणि वर सांगितलेली ती रात्र. पहिल्या वर्षानंतर ‘फसला’ म्हणणारे दुसऱ्या वर्षानंतर ‘घडला’ म्हणू लागले.

यातलं घडणं किती आणि योगायोग किती? याचा थोडा हिशेब मांडता येतो.

एक वाकडं नाणं घ्या, जे शंभरात साठ वेळा छापा दाखवतं. ते तीस वेळा उडवलं तर नेमके अठरा छापे क्वचितच पडतील. कधी तेरा पडतील, कधी तेवीस. नाणं तेच, पण तीस उडवण्यांवरून त्याचा अंदाज साधारण 18 टक्के इकडे-तिकडे चुकू शकतो. क्वार्टरबॅक एका सामन्यात तीस-पस्तीस पास फेकतो. म्हणजे एका सामन्यातली अचूकता पाहून बांधलेलं मत हे त्या तीस उडवण्यांवर बांधलेलं मत. सहाशे पासांवर हीच चूक 4 टक्क्यांपर्यंत खाली येते. तीही कमी नाही. शिवाय पास म्हणजे काही सुटी नाणी नव्हेत. पाऊस, दुखावलेला खांदा, समोरचा दांडगा बचाव यांचा परिणाम सगळ्या सामन्यावर होतो, त्यामुळे खरी अनिश्चितता याहून मोठीच धरायला हवी.

आता लॉरेन्सचे आकडे. 2021 मध्ये 602 पासांपैकी 359 पूर्ण (सहकाऱ्याने झेललेले), म्हणजे 59.6 टक्के. 2022 मध्ये 584 पैकी 387, म्हणजे 66.3 टक्के. दोन्हीला चार-चार टक्क्यांची सूट दिली तर पहिल्या वर्षाचा पट्टा 55.6 ते 63.6 आणि दुसऱ्याचा 62.3 ते 70.3. दोन्ही पट्ट्यांत सामाईक भाग जेमतेम सव्वा टक्का. निव्वळ नशिबाने एवढी उडी पडणं कठीण. काहीतरी खरोखर बदललं होतं.

इंटरसेप्शनचं मात्र तसं नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजताना ढोबळ नियम असा, की आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याच्या दुप्पट सूट दोन्ही बाजूंना द्यायची. 17 चं वर्गमूळ साधारण 4, म्हणून पट्टा 9 ते 25. 8 चं वर्गमूळ पावणेतीनच्या आसपास, म्हणून पट्टा 2 ते 14. हे दोन पट्टे एकमेकांवर चांगलेच चढतात. 17 वरून 8 ही घट डोळ्यांत भरते, मथळे तिच्यावरच झाले, पण तिच्यात नशिबाचा वाटा मोठा असू शकतो. बचावपटूच्या बोटांना लागून उडालेला चेंडू कुणाच्या हातात पडेल यावर क्वार्टरबॅकचं काहीच चालत नाही.

मग तिसरं वर्ष आलं, 2023. पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण 65.6 टक्के, म्हणजे होतं तिथेच. इंटरसेप्शन 14. जो आकडा पक्का वाटत होता तो टिकला आणि जो डळमळीत होता तो परत वर गेला. ‘लॉरेन्स मागे पडला’ असं त्या वर्षी फार ऐकलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

एकाच खेळाडूवरून नियम बांधू नये, म्हणून सी. जे. स्ट्राउड पाहा. 2023 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सकडून त्याने पदार्पणातच सगळ्यांना थक्क केलं: 23 टचडाउन आणि फक्त 5 इंटरसेप्शन. पुढच्या वर्षी 20 आणि 12. लोक म्हणाले, घसरला. पण पूर्ण पासांचं प्रमाण 63.9 वरून 63.2, म्हणजे जवळपास तेवढंच. पहिल्या वर्षीचे ते 5 इंटरसेप्शन पुन्हा होतील ही अपेक्षाच चुकीची होती. त्याच्या बाबतीत खरी काळजीची गोष्ट निराळी होती, सॅक 38 वरून 52 वर गेले.

आणि सॅककडे मी हल्ली सगळ्यात आधी पाहते. वाटतं असं की सॅक म्हणजे पुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड रक्षकांचं अपयश. काही अंशी आहेच. पण आकडेवारीचे अभ्यासक बरीच वर्षं सांगत आले आहेत की दबाव आल्यावर त्याचं सॅकमध्ये रूपांतर किती वेळा होतं, ही सवय बरीचशी क्वार्टरबॅकची स्वतःची असते आणि संघ बदलला तरी त्याच्यासोबत जाते. चेंडू किती वेळ धरून ठेवायचा हे शेवटी तोच ठरवतो.

हे लक्षात ठेवून पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकचं 1998चं पदार्पण पाहा. 28 इंटरसेप्शन, नवख्या खेळाडूचा विक्रम, आणि संघाचे 3 विजय, 13 पराभव. भयंकर. पण त्याच वर्षी 575 पास फेकताना त्याला फक्त 22 वेळा आडवं करता आलं. मुलगा चुकत होता, पण चेंडू वेळेवर सोडत होता. पुढच्याच वर्षी संघाने 13 सामने जिंकले. लॉरेन्सचंही पहिलं वर्ष तसंच: इतक्या कमकुवत संघात 32 सॅक, म्हणजे पास द्यायला मागे सरला त्यातल्या शंभरात पाच वेळा. उलट 2002 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला डेव्हिड कार पदार्पणात 76 वेळा आडवा झाला, शंभरात जवळपास पंधरा वेळा. तो संघही नवा कोरा होता आणि त्याच्यापुढे चांगली भिंत नव्हतीच. पण इतका मार खाणाऱ्या पोराला शांतपणे शिकायला सवड कुठून मिळणार? कार पुढे फारसा उभा राहू शकला नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

चेंडू वेळेवर सोडणं इतकं अवघड का, हे मेंदूच्या बाजूने पाहायला हवं. वीस यार्ड, म्हणजे सव्वाअठरा मीटर. ताशी 80 किलोमीटर वेगाने फेकलेला चेंडू तिथे पोचायला सुमारे 0.8 सेकंद घेतो. तेवढ्यात बचावपटू सहा-साडेसहा मीटर कापतो. म्हणजे ‘रिसीव्हर मोकळा दिसला की फेकू’ असं म्हटलं तर उशीर झालेला असतो. तो मोकळा व्हायच्या आधीच, जिथे तो मोकळा होणार आहे तिथे फेकावं लागतं. आणि हे सगळं चाल सुरू झाल्यापासून अडीच-तीन सेकंदांत. वेगवान गोलंदाजाचा चेंडू सुटायच्या आधी फलंदाज त्याच्या मनगटाकडे पाहून अंदाज घेतो, तसंच क्वार्टरबॅक बचावपटूंच्या उभं राहण्यावरून अंदाज बांधतो.

हा अंदाज येतो कुठून? 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर एक सुंदर प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवून ती आठवून मांडायला सांगितली. उस्ताद खेळाडू नवख्यांच्या खूप पुढे होते. मग सोंगट्या पटावर कशाही विखरून तेच केलं, आणि उस्तादांची आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्यांची स्मरणशक्ती दांडगी नव्हती, त्यांना ओळखीचे आकृतिबंध दिसत होते.

कॉलेजमधून एनएफएलमध्ये आलेल्या क्वार्टरबॅकचा पट असाच विस्कटतो. आखाडासुद्धा बदलतो. चाल कुठून सुरू होणार हे ठरवणाऱ्या मैदानातल्या आखणीच्या दोन रांगांमध्ये कॉलेजात 40 फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठराच. त्यामुळे बचावपटू कुठे आणि किती अंतरावर उभे असतील, ही सगळी भूमिती निराळी होते. त्यात व्यावसायिक बचाव मुद्दाम फसवतात: मागे दोन राखणदार दिसतात आणि चेंडू हातात येताच त्यातला एक पुढे झेपावतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे ओळखीचे आकृतिबंध इथे नुसते अपुरे पडत नाहीत, ते त्याला चुकवतात. पहिल्या वर्षीच्या कित्येक इंटरसेप्शनमध्ये हात बरोबर असतो, चित्र जुनं असतं. नवी चित्रं साठायला हजारो चाली लागतात, आणि त्याला सवड देणं प्रशिक्षकाच्या हातात असतं.

लॉरेन्सच्या नशिबी कोणता प्रशिक्षक आला? अर्बन मायरला 13 सामन्यांत 11 पराभव झाल्यावर मोसमाच्या मध्येच काढून टाकलं. लॉरेन्सचा कॉलेजमधला साथीदार ट्रॅव्हिस एटियन पायाच्या दुखापतीमुळे ते संपूर्ण वर्ष बाहेर होता. 2022 मध्ये डग पेडरसन आला, जो स्वतः क्वार्टरबॅक होता आणि ज्याने प्रशिक्षक म्हणून फिलाडेल्फियाला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून दिला होता. ख्रिश्चन कर्क, झे जोन्स, इव्हान एन्ग्रम हे झेलणारे आले. एटियन परतला. म्हणून ती सात टक्क्यांची खरी उडी एकट्या लॉरेन्सची म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलतात, इथे पाच गोष्टी एकदम बदलल्या.

बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याचंही असंच. त्याची अचूकता 2018 मध्ये 52.8 टक्के, 2019 मध्ये 58.8, आणि 2020 मध्ये 69.2. अचूकता उपजत असते, शिकवून येत नाही, असं छातीठोक सांगणाऱ्या जाणकारांना त्याने तोंडघशी पाडलं. त्याने पायांची ठेवण आणि फेकण्याची लय यांवर कसून मेहनत घेतली. पण 2020 मध्येच त्याला स्टेफॉन डिग्ज हा अव्वल रिसीव्हरही मिळाला. कुणाचा वाटा किती, हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

राहिली गोष्ट गाजावाजाची. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी ड्राफ्टचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की एकाच जागेवर खेळणाऱ्या लागोपाठच्या दोन निवडींमध्ये आधी निवडलेला खेळाडू सरस ठरण्याची शक्यता 52 टक्क्यांच्या आसपास असते. नाणेफेकीपेक्षा जराशीच बरी. गाजावाजा पूर्ण पोकळ असतो असा याचा अर्थ नव्हे. पण पहिल्या क्रमांकाचा मुलगा चुकला की तो ‘शिकतोय’ आणि चौथ्या फेरीतला चुकला की तो ‘तेवढ्याच लायकीचा’, हा भेद आपण आकड्यांआधी करून ठेवलेला असतो. मी स्वतः लॉरेन्सच्या बाजूने आहे, त्यामुळे हे मलाही लागू होतं.

जून 2024 मध्ये जॅग्वार्सनी त्याच्याशी पाच वर्षांचा, 27.5 कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी खांद्याच्या आणि डोक्याच्या दुखापतींमुळे तो दहाच सामने खेळला. 284 पैकी 172 पास पूर्ण, 60.6 टक्के. लगेच पहिल्या वर्षाची आठवण काढली गेली. 284 पासांना जवळपास सहा टक्क्यांची सूट द्यावी लागते. म्हणजे पट्टा साडेचोपन्नपासून साडेसहासष्टपर्यंत. आदल्या वर्षाचे 65.6 त्यात बसतात, आणि पदार्पणाचे 59.6 सुद्धा.