चेपणाऱ्या गाडीची कुळकथा

'रिग्ज ऑफ रॉड्स' या संगणकावर गाड्या चालवण्याच्या सिम्युलेटरमध्ये ट्रक दगडांवर चढवला की आधी चेसिस पिळते, मग एक चाक हवेत लोंबकळतं आणि मागचा ट्रेलर आपला वेगळाच हिसका देतो. भिंतीवर गाडी घातली तर बॉनेट आदळण्याच्या वेगाप्रमाणे आणि कोनाप्रमाणे चेपतं, आणि रीसेट करेपर्यंत चेपलेलंच राहतं. यातलं काहीही आधी रंगवून ठेवलेलं नसतं. हा सिम्युलेटर फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा असा उघडा आहे. गाडी अशी चेपायला शिकली ती मात्र एखाद्या गेम कंपनीत नव्हे, अण्वस्त्रांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत.

1976 साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी 'डायना-थ्रीडी' हा प्रोग्राम लिहिला. विमानातून टाकलेला अण्वस्त्राचा गोळा जमिनीवर आदळला की त्याच्या कवचाचं काय होतं, हे त्यातून काढायचं होतं. 1978 मध्ये फ्रान्सकडून मागणी आली आणि प्रयोगशाळेने कोड कोणतीही अट न घालता सार्वजनिक केला. त्याच कोडवरून ईएसआय या फ्रेंच कंपनीने 'पॅम-क्रॅश' उभं केलं. 1980च्या दशकाच्या मध्याला, जर्मन मोटार कंपन्यांनी मिळून हाती घेतलेल्या कामात, फोक्सवॅगन पोलो ताशी 50 किलोमीटर वेगाने काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. संगणकातच. हिशोबाला अख्खी रात्र लागली. खरी टक्कर सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपते.

हॉलक्विस्ट पुढे स्वतःही प्रयोगशाळेतून बाहेर पडले, कंपनी काढली, आणि 'एलएस-डायना' विकायला लागले. म्हणजे उघड्या कोडची दोन अपत्यं, दोन्ही कुलूपबंद. अट नसल्यामुळे त्यात गैर काहीच नव्हतं.

घरच्या संगणकावरच्या गेमला रात्रभर थांबून चालत नाही. म्हणून तिथल्या गाड्या वर्षानुवर्षं दगडासारख्या होत्या. गाडी म्हणजे एक अखंड ठोकळा, त्याला चार चाकं, आणि धडकेनंतर आधीच बनवून ठेवलेलं चेपलेलं दार लावून टाकायचं. वाकणाऱ्या वस्तूंचं गणित अवगत नव्हतं असं नाही. 1987 मध्येच डेमेट्री तेरझोपोलस आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या चित्रांत लवचीक वस्तू कशा हलवाव्यात ते मांडलं होतं. पण अख्खी गाडी, तीही चालवता येईल अशी, हे प्रकरण वेगळं.

ते जमवलं पिएर-मिशेल रिकोर्देल या फ्रेंच प्रोग्रामरने, 2005 मध्ये. त्यांना हवा होता खडकाळ रानात ट्रक चालवण्याचा सिम्युलेटर. त्यांनी पत्र्याचा विचारच सोडून दिला. गाडी म्हणजे वजन असलेले काही बिंदू, आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या. इंग्रजीत त्यांना नोड आणि बीम म्हणतात. आपल्याकडची सुतळीची बाज डोळ्यांसमोर आणा. एका कोपऱ्यात कुणी धपकन बसलं की दुसऱ्या कोपऱ्याची वीण ताणते, आणि फारच ओझं झालं तर एखादा पदर तुटतो. इथली प्रत्येक दांडी मात्र ताणाबरोबर दाबही सोसते. दिसायचं शरीर या सांगाड्यावर फक्त ओढून घेतलेलं असतं.

गाडीची फाइल साधी मजकुराची. नोटपॅडमध्ये उघडली तर एका भागात प्रत्येक बिंदूचा क्रमांक आणि तीन अंतरं, त्याखाली दांड्यांच्या जोड्या: 0 ते 1, 1 ते 2, अशा ओळीच्या ओळी. दांडीला चार आकडे लागतात. काहीच सांगितलं नाही तर कडकपणा 90,00,000 (न्यूटन दर मीटर), हिसका जिरवण्याची ताकद 12,000, कायमची वाकण्याची मर्यादा 4,00,000, आणि तुटण्याची 10,00,000. चौथा आकडा कमी करून पाहा. नाल्यात उतरताच ट्रक आपली मागची बाजू तिथेच सोडून पुढे जातो.

बिंदूचं वजन ठरावीक पातळीखाली जाऊ दिलं जात नाही. वेगळं सांगितलं नाही तर किमान 50 किलो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. हलका बिंदू कडक दांड्यांमध्ये अडकला की तो फार जलद थरथरतो, आणि दोन हिशोबांच्या मधल्या वेळेत त्याची थरथर निसटली की आकडे सुटतात. गाडी उभ्या जागी फुटते, तिचे तुकडे आकाशात. पहिल्यांदा गाडी बांधणाऱ्या बहुतेकांनी हा फटाका पाहिलेला असतो. तो टाळायला सगळे बिंदू आणि दांड्या सेकंदाला 2000 वेळा पुन्हा मोजल्या जातात. 2005च्या घरगुती संगणकावर हे चालत होतं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

ट्रक जमल्यावर लोकांनी त्याच दांड्यांतून हवं ते बांधायला सुरुवात केली. दांडीची लांबी बटण दाबून कमी-जास्त करता येते, म्हणजे ती झाली हायड्रॉलिक; मग क्रेन आल्या. विमानं आली, त्यांच्या पंखांचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचा हवेचा जोर वेगळा काढला जातो. होड्याही आल्या.

सुरुवातीला हा सिम्युलेटर नुसता फुकट होता, कोड रिकोर्देल यांच्याकडेच. 2009 मध्ये तो जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला झाला. इथे लिव्हरमोरची गोष्ट आठवते, पण एक फरक आहे. जीपीएल अट घालतं. हा कोड घेऊन बदललात आणि वाटलात, तर तुमचा बदलही उघडाच द्यावा लागेल.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. प्रकल्पावर काम केलेल्या काही जणांनी जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये कंपनी काढली. 2012 मध्ये त्यांनी क्रायइंजिन या गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर चेपणाऱ्या गाड्यांचा व्हिडिओ दाखवला आणि तो सगळीकडे फिरला. पुढे टॉर्क थ्रीडी हे इंजिन घेऊन ऑगस्ट 2013 मध्ये 'बीमएनजी.ड्राइव्ह' विक्रीला आलं, 2015 मध्ये स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात. भौतिकीचा गाभा त्यांनी नव्याने लिहिला. सोबत जुना कोड नेता आला नाही, अनुभव मात्र नेला. गॅवरील आणि बर्नसाइड ही काल्पनिक गाड्यांची नावं दोन्हीकडे भेटतात, आणि 'बीम' तर नव्या नावातच बसलंय.

चित्रांच्या बाबतीत बीमएनजी कधीच पुढे निघून गेलं, यात वाद नाही. रिग्ज ऑफ रॉड्सचा पत्रा जुनाट दिसतो आणि मेनू चाचपडायला लावतो. कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर आहे, मूठभर स्वयंसेवक मोकळ्या वेळात तो पुढे ढकलतात. दुसऱ्या कुणीतरी बांधलेला एखादा जुना ट्रक उतरवून घ्यावा, फाइल उघडावी, 10,00,000 च्या जागी 1,00,000 लिहावं आणि उतारावरून सोडून द्यावा.