यकृतातली गाठ आणि रक्ताची वाट

यकृतात गाठ दिसली की मनात पहिली शंका कॅन्सरचीच येते. खात्री करायला सुई टोचून तुकडा काढावाच लागेल, असंही बहुतेकांना वाटतं. पण यकृताच्या गाठी पुष्कळदा स्कॅनवरच ओळखता येतात, कारण या अवयवाला रक्त दोन वाटांनी येतं. जवळपास ७५ टक्के रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं आणि बाकीचं धमनीतून.

हाताच्या शिरेत सोडलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनवर रक्त उजळ दाखवणारं औषध, धमनीच्या वाटेने अर्ध्या मिनिटात यकृतात पोचतं. पोर्टल शिरेतून यायला त्याला आतडी आणि प्लीहेचा फेरा पडतो, म्हणून मिनिटभर लागतं. त्यामुळे सीटी स्कॅन वेळ मोजून पुन्हापुन्हा काढतात.

सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजारात, एखादी गाठ कॅन्सरकडे झुकू लागली की तिच्यातल्या पोर्टल शिरेच्या फांद्या नाहीशा होत जातात आणि नव्या धमन्या फुटतात. निरोगी यकृतात धमनीसोबत पित्तनलिका असते. सूक्ष्मदर्शकाखाली या नव्या धमन्या मात्र एकट्याच दिसतात. स्कॅनवर अशी गाठ आधी उजळते आणि मिनिटभराने भोवतालचं यकृत उजळलं की त्याच्या तुलनेत काळी पडते. मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं: पेशींच्या पातळीवरचा बदल घड्याळ लावून बाहेरून पाहता येतो.

हिमॅन्जिओमा ही निरुपद्रवी गाठ म्हणजे संथ रक्ताने भरलेल्या पोकळ्या. तिच्यात कॉन्ट्रास्ट कडेने ठिपक्याठिपक्यांनी शिरतं आणि सावकाश मध्याकडे सरकतं. आतड्याच्या कॅन्सरमधून यकृतात पसरलेल्या गाठीचा मध्य बरेचदा मेलेला असतो, म्हणून तिची नुसती कडाच चकाकते.

उजळून काळी पडणाऱ्या गाठीला बायोप्सीशिवाय यकृताचा कॅन्सर म्हणतात ते फक्त सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बीसारखा धोका असलेल्या रुग्णांतच. इतरांत हे चित्र दुसऱ्या गाठींतही दिसू शकतं. शिवाय अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये धमन्या पुरेशा वाढलेल्या नसतात आणि गाठ उजळतच नाही. मग बरेचदा सुई लागते. ती दोऱ्याएवढा तुकडा आणते, आणि तो गाठीच्या नेमक्या कुठल्या भागातला आहे हे कळण्यासाठी पॅथॉलॉजिस्टलाही स्कॅन पाहावा लागतो.